सुगीतल्या रिकाम्या जागा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की तिच्या दाराबाहेर चपलांची गर्दी वाढायला लागते. गावाकडून आलेल्या मुली, पाठीवर सॅक, हातात डबा, आणि डोळ्यांत बँकेच्या परीक्षेची तारीख. परवा एक जण जिन्यात बसून इंग्रजी शब्दांची यादी पाठ करत होती. नजर छताला, एक बोट कानात, आणि ओठांची नुसती पुटपुट. मी भाजीची पिशवी घेऊन वर निघाले होते. तेवढ्यात रस्त्यावरून भाताची पिंजर भरलेला ट्रॅक्टर गेला आणि वाळल्या काडीचा तो ओलसर, गोडसर वास थेट जिन्यात शिरला. कोल्हापूरच्या भर राजारामपुरीत! शब्दांची यादी आणि पिंजरीचा वास असे दोन्ही एकदम आले आणि मी पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकले. "काकू, बरं वाटत न्हाय का?" त्या मुलीने विचारलं. तिला काय सांगणार, की माझ्या डोळ्यांसमोर एक अख्खी सुगी उभी राहिली होती.

सुगी म्हणजे आमच्याकडे भातकापणीचे, मळणीचे दिवस. माझं सासर नेसरीजवळचं. सकाळी धुकं इतकं की गोठ्यातून म्हशीचा आवाज येई, म्हैस दिसत नसे. चुलीवर गुळाचा चहा उकळत असे आणि अंगणात पेंढ्यांवर दव चकाकत असे. त्या सुगीत मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि बँकेची परीक्षा द्यायची ती माझी शेवटची वेळ होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. आधी दोनदा मी इंग्रजीने आपटले होते. गणितात पोरांना मागे टाकणारी मी, इंग्रजीतल्या रिकाम्या जागा भरताना मात्र हमखास खड्ड्यात जायची. एक वाक्य, त्यात एक गाळलेला शब्द, खाली चार पर्याय. दिसायला केवढंसं काम! आणि पास झालेच तरी पुढे आणखी एक दार होतं, ते म्हणजे आत्ती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. नोकरी गावात थोडीच मिळणार होती? पाच म्हशी, दोन ठिकाणचं भात आणि ऊस सोडून सुनेला बाहेर जायला त्या 'हो' म्हणतील का, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. नवरा साखर कारखान्यात, सिझन सुरू झाला की पाळीवर, म्हणजे घरात असून नसल्यासारखा.

मी तेव्हा शब्द पाठ करायची. दिवसाला पन्नास. गोठ्याच्या भिंतीला खडूने लिहून ठेवायची, शेण काढताना घोकायची. त्यामुळे माझं काय व्हायचं, तर प्रश्नात काल पाठ केलेला शब्द दिसला की मी त्यालाच मिठी मारायची, जत्रेत माहेरचं माणूस भेटावं तशी. वाक्य काय म्हणतंय ते बघतंय कोण! शब्द जितका अवघड, तितका तो बरोबर असणार, असा माझा पक्का समज. पदवीधर होते ना मी. घरात एवढी शिकलेली एकटीच, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं.

घरात आणखी एक बाई होती, जिला मी शिक्षणाच्या हिशेबात धरतच नव्हते. माझी थोरली जाऊ. सगळं गाव तिला आक्का म्हणे, मीही म्हणे. चौथीपर्यंत शिकलेली, हाडापेराने मोठी, एका गुडघ्याला कायम फडकं बांधलेलं. बोलणं मोजकं आणि खणखणीत. पेंढ्या मोजताना मात्र ती 'वंदू, यरडू, मूरू' असं कानडीत मोजायची. आमच्या भागात सीमेपलीकडचं कानडी असं अधूनमधून तोंडात असतंच, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्या सुगीत माझ्या वाट्याच्या दोन म्हशींच्या धारा आक्काने आपणहून अंगावर घेतल्या. "तू पुस्तक धर. म्हशी मला वळकत्यात," एवढंच म्हणाली. मी आभारही मानले नाहीत. गृहीत धरलं.

एके सकाळी मी गोठ्याच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. आक्का शेजारी विळ्याने उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा चारा, तोडत होती. मी एक प्रश्न मोठ्याने वाचला, उत्तर दिलं, शेवटच्या पानावर जाऊन बघितलं, चूक. दुसरा, चूक. तिसरा, चूक. मी पुस्तक आपटलं.

"काय म्हणतंय त्ये?" आक्काने विचारलं.

"इंग्रजी हाय, आक्का. तुमाला न्हाय कळायचं."

"मराटीत सांग की मग. तुला येतंय न्हवं?"

मी जराशा वैतागानेच सांगितलं. "येक कारकून हाय. तो इतका टिंबटिंब होता, की कपाट लावायच्या आधी प्रत्येक फाईल दोनदा तपासायचा. आता टिंबटिंबाच्या जागी शब्द टाकायचा."

विळा थांबला नाही. "आमच्या थोरल्या मामागत हाय त्यो. कडी लावायचा आन् परत येऊन वडून बगायचा. काळजीनं, बारीक लक्ष घालून काम करणारा. तसला शबूद असंल बग त्यात."

मी पर्याय बघितले. मी 'गॅरुलस' निवडला होता. गॅरुलस म्हणजे बडबड्या. आदल्याच दिवशी पाठ केलेला. आणि त्याच्या खाली 'मेटिक्युलस' नावाचा शब्द शांतपणे बसला होता, ज्याचा अर्थ, आक्काने आत्ता सांगितला तो. अगदी तोच. मला पहिल्यांदा वाटलं, योगायोग. दुसरा प्रश्न सांगितला. "पाहुण्यांचं भाषण जरी टिंबटिंब होतं, तरी मंडपातनं येकबी माणूस उठला न्हाय."

"लांबलचक असंल. न्हायतर कटाळवाणं."

"कशावरनं?"

"'जरी' हाय न्हवं त्यात? भाषण चांगलं असतं तर माणसं बसली ह्याचं कवतिक कोण सांगत बसलंय?" आणि तिने वाड्याची मोळी उचलून म्हशींपुढे टाकली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पर्याय तिने बघितलेही नव्हते. तरी जो शब्द तिच्या आयुष्यात कधी आला नव्हता, येणार नव्हता, त्याची जागा तिने अशी ओळखली, की माझ्या अंगावर काटा आला. हे मी आज लिहितानाही खरं सांगते, आला. मी आजवर शब्दांकडे बघत होते. ही बाई शब्दाच्या शेजाऱ्यांकडे बघत होती.

त्या दिवसापासून आमचा शिरस्ताच झाला. मी मराठीत वाक्य सांगायची, ती टिंबटिंब भरायची. तिचा एक कडक नियम होता. आधी पर्यायांवर हात ठेवायचा. "आदी तुझा शबूद सांग. मग बग, त्या चारांत त्येचा भाऊबंद कोण हाय. आदीच तोंडं बगितलीस की भुललीस." आणि मी भुलायचेच. दुसरं ती विचारायची, "ह्ये कवतिकानं बोलतंय का रागानं?" वाक्याला राग असतो, कौतुक असतं, नाक मुरडणं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. गडहिंग्लजच्या रविवारच्या क्लासमध्ये सर म्हणायचे, पाठ करा, पाठ करा. इथे गोठ्यात शेणाच्या पाट्या भरता भरता एक बाई मला म्हणत होती, ऐक. 'म्हणून' आलं की पुढचं मागच्याच वाटेने जाणार. 'उलट' आलं की वळणार. मी खडूने लिहिलेले शब्द एके दिवशी गोठ्याच्या भिंतीवरून पुसून टाकले. रेड्याने आधीच अर्धे चाटले होते म्हणा.

आक्काचं प्रत्येक उत्तर पुस्तकाशी जुळायचं असं मात्र नाही. एकदा वाक्य आलं, काळे ढग दिसताच गावातल्या शेतकऱ्यांची मनं टिंबटिंब झाली. मी म्हटलं, सोपं आहे. आक्का आभाळाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "म्हैना कुटला?"

"म्हैना दिला न्हाय."

"पेरणी हाय का सुगी? त्ये सांगिटल्याबिगर शबूद कसा सांगू? जूनमदी असंल तर येक, आता असंल तर दुसरा."

पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, आनंदित. मी सांगितल्यावर आक्का एवढं मोठ्याने हसली, की म्हशींनी माना वळवल्या. "पुस्तकवाल्याचं भात कदी खळ्यावर भिजलं न्हाय वाटतं!"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. चारच दिवसांनी, भर दुपारी, खळ्यावर भात पसरलेलं असताना आभाळ भरून आलं. वारा पडला. मी अजून वर बघत होते तोवर आक्का ताडपत्रीकडे पळत सुटली होती, त्या गुडघ्यानिशी. चिमण्या एकदम उठल्या होत्या, मुंग्या बांधावर चढल्या होत्या, शेजारच्या शिवारात कुणीतरी हाका मारत होतं. हे सगळं माझ्यासमोरही घडलं होतं. मला दिसलं नव्हतं. आत्ती, आक्का आणि मी, तिघींनी मिळून ताडपत्री ओढली, कडांना दगड ठेवले आणि टपोरे थेंब कोसळायला लागले. भात वाचलं. आत्ती घराकडे गेल्या. आम्ही दोघी पिंजरीच्या गंजीला पाठ लावून, डोक्यावर पोतं घेऊन बसलो. केसांत काड्या, पायाला चिखल. तेव्हा मी तिला विचारलं, "आक्का, तुमाला ह्ये कुणी शिकवलं?"

"काय?"

"रिकाम्या जागा."

तिने केसांतली एक काडी काढून पावसात टाकली. मग म्हणाली, "मी हितं लगीन हून आलतो तवा मला मराटी येत न्हवती." (आमच्याकडच्या बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात.)

मला वाटलं, ती थट्टा करतेय. इतकी अस्सल कोल्हापुरी बोलणारी बाई! पण तिचं माहेर सीमेपलीकडे, घरात सगळं कानडी, शाळाही कानडी. लग्न ठरवणाऱ्यांनी शेत बघितलं, पत्रिका बघितली, बोलायचं कसं ते कुणी बघितलंच नाही.

"समदी बोलायची. मला मधला मधला येकादा शबूद कळायचा. बाकी टिंबटिंब."

"मग?"

"मग काय! कोण बोलतंय, कुणाकडं बगून बोलतंय, हातात काय हाय, त्येच्या आदी काय झालंय. येवढं बगितलं की शबूद आपसूक कळतोय. म्हस पान्हावली हाय, आत्ती गोठ्यात हाईत आन् दाराकडं बगून वराडत्यात, तर दुधाची चरवीच मागत असणार की! न कळला तर गप ऱ्हायचं. पर रडायचं न्हाय. रडलं की काय दिसत न्हाय, पोरी."

पाऊस पडत राहिला. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी, परक्या घरात, दिवसभर कानावर पडणाऱ्या वाक्यांपैकी बहुतेक वाक्यं अर्धी. तिच्या पुस्तकाला शेवटी उत्तरांची पानं नव्हती. चुकलं की गुण जात नव्हते, लोक हसत होते, नाहीतर आवाज चढत होते. आणि असं तिने वर्षभर काढलं होतं, शब्द एकेक करून गोळा करत, पाखडत, साठवत. मी जिला अडाणी समजत होते, ती एक अख्खी भाषा नुसत्या नजरेने शिकली होती. त्या दिवशी गंजीपाशी मला माझी लाज वाटली. आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त, नवल वाटलं. अजून ओसरलेलं नाही. त्या सुगीनंतर मी तिला अहो-जाहो करणं सोडलं आणि अगं-तुगं म्हणायला लागले. जवळ गेले म्हणून असेल, किंवा इतकी मोठी माणसं आपोआप एकेरी होतात म्हणून असेल.

आता बँकेच्या खिडकीत बसते तेव्हा रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, "बाई, त्ये ह्ये कुटं हाय?" नव्या मुली गोंधळतात. माझं लक्ष त्या माणसाच्या हातांकडे जातं. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात फोटो. मी डिंकाची बाटली पुढे करते. म्हाताऱ्याला त्यात काहीच विशेष वाटत नाही. आपण पुरतं बोललो असंच त्याला वाटत असतं, आणि एका अर्थी तो बोललेलाच असतो. माणसं किती कमी शब्दांत जगतात आणि तरी एकमेकांपर्यंत पोहोचतात, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

परीक्षा कोल्हापुरात होती. संगणकासमोर बसले आणि इंग्रजीचा भाग उघडला. सवयीने मी पडद्यावरच्या पर्यायांवर तळहात ठेवला. देखरेख करणारा मुलगा लगेच आला. "मॅडम, स्क्रीनला हात लावू नका." मग मी डोळे अर्धे मिटून वाचायला लागले. एक प्रश्न असा होता, की नदी आठवडाभर टिंबटिंब होती, आणि तरीही नावाड्याने घरी बसायला नकार दिला. शब्द तसेच नसतीलही, आशय हाच होता. मी मनात म्हटलं, खवळलेली. हळूच पर्याय बघितले. संथ, उथळ आणि स्वच्छ असे अर्थ असलेले तीन शब्द मला माहीत होते. चौथा मी जन्मात बघितला नव्हता. आधीची मी त्या तिघांतच घुटमळले असते, ओळखीचे म्हणून. त्या दिवशी मी अनोळखी शब्दावर टिचकी मारली आणि पुढे गेले. एखाद्याचं नावही माहीत नसताना तोच हा, असं ओळखता येतं, याचा थरार काही वेगळाच होता.

मी पास झाले. पुढच्या पायऱ्याही पार पडल्या. पत्र आलं तेव्हा पुढची सुगी जवळ आली होती. नेमणूक मलकापूरच्याही पुढे, घाट उतरून कोकणातल्या एका लहान गावात. मी पत्र पुढच्या सोप्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. नवरा कारखान्यावरून नुकताच आला होता, डोक्याचा रुमालही सोडला नव्हता. आक्का खांबाला टेकून गुडघ्याला तेल चोळत होती.

आत्ती म्हणाल्या, "घराचं नाव काडलंस बाई. लई शिकलीस. समदं खरं. पण..."

आणि थांबल्या. त्यांची नजर आधी गोठ्याकडे गेली, पाच म्हशींकडे. मग शिवाराकडे, जिथे पिवळं पडलेलं भात उभं होतं. मग आक्काच्या गुडघ्यावर येऊन थांबली. मी गेले तर माझं सगळं काम त्या एका गुडघ्यावर पडणार होतं. पुढचा शब्द घरातल्या प्रत्येकाला स्वच्छ ऐकू आला होता. मी पत्राची घडी घालायला लागले. मला रागही आला नाही. आक्काकडे बघून मला राग येऊच शकला नसता.

"पण येकटी न्हाय जायाची ती," आक्का म्हणाली.

आत्तींनी वळून बघितलं.

"परकं गाव. तितली बोली येगळी, माणसं येगळी. पयल्या दिवसांत कुणीतरी पायजे संगं. आठ दिस मी जातो. घर लावून देतो, माणसं दावून देतो, मग येतो." तेल चोळणं थांबलं नव्हतं. आवाजात कसलाही मोठेपणा नव्हता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा आवाज. "माझ्या येळला कोण न्हवतं, आत्ती. लई जड गेलं."

हे वाक्य आक्काने इतक्या वर्षांत त्या घरात कधी उच्चारलं नव्हतं. आत्ती तिच्याकडे बघत राहिल्या. पदराने त्यांनी उगीचच तोंड पुसलं. मग उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली आणि खाली बसून तिच्या गुडघ्याला स्वतः तेल लावायला लागल्या.

"आठ दिस कशाला," त्या म्हणाल्या, "पंधरा दिस ऱ्हा. धारा मी काडतो."

आक्का रडायला लागली.